मदत हवी आहे: हॉलसाठी एव्हरग्रीन फॉग की क्लॅरी सेज?

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. हॉलला मंद, राखाडी झाक असलेला हिरवा द्यायचा हे घरात ठरलंय, पण शेरविन-विल्यम्स या रंगाच्या कंपनीच्या दोन छटांवर गाडी अडली आहे.

शेडकार्डावर दोन्ही सारख्याच दिसतात, फरक भिंतीवर नमुना लावल्यावर कळतो. एव्हरग्रीन फॉग (त्यांचा २०२२ चा 'कलर ऑफ द इयर') राखाडीकडे झुकतो, ढगाळ दिवशी किंचित निळसरही वाटतो. क्लॅरी सेजमध्ये पिवळट ऊब आहे आणि तो उजळही आहे: त्याचा एलआरव्ही (रंग किती प्रकाश परत फेकतो, त्याचा शंभरपैकी आकडा) ४१, फॉगचा ३०.

आमच्या खिडक्या उत्तरेकडे. थेट ऊन जवळजवळ नाहीच, आणि डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो. संध्याकाळी २७०० केल्विनचे (पिवळसर, उबदार प्रकाशाचे) दिवे लावले की क्लॅरी सेज पिकल्या पानासारखा पिवळा दिसतो, फॉग मात्र तेव्हाच खुलतो. सकाळी नेमकं उलट. त्याच भिंतीशी सागवानी देव्हारा आणि पितळी समया आहेत. त्या उठून दिसाव्यात अशी माझी फार इच्छा आहे, म्हणून मन फॉगकडे ओढतं. सासूबाई म्हणतात, हिवाळ्यात खोली उदास होईल. त्यांचा सगळा दिवस तिथेच जातो, त्यामुळे त्यांचं म्हणणं मला डावलायचं नाही.

उत्तरेच्या खोलीत यांपैकी एखादा रंग कोणी लावलाय का? फक्त देव्हाऱ्यामागे फॉग आणि बाकी भिंतींना अलाबास्टर पांढरा, हे कसं दिसेल? आणि लहान मुलं असतील तर मॅट (बिनचमकीचा) घ्यावा की सॅटिन (हलक्या चमकीचा)? शक्य असल्यास संध्याकाळचे फोटो टाका.