लहान कारखानदाराचं बिल ४५ दिवसांत देण्याचा नियम: ठेवावा की काढावा?

मागवाला (इचलकरंजी)
सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही, तर खरेदीदाराला ती रक्कम त्या वर्षी खर्चात दाखवता येत नाही, तिच्यावर आयकर बसतो. लेखी करार असेल तर मुदत जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. २०२३ च्या वित्त कायद्यानं हे आणलं, २०२३-२४ च्या हिशेबापासून लागू झालं. आता पेठेत जाईन तिथं ऐकतोय, "हे कलम काढून टाका." माझं मत, अजिबात काढू नये.

माझे १६ साधे माग. सूत रोखीनं, पगार आठवड्याला, वीजबिल महिन्याला. कापडाचे पैसे मात्र तीन-चार महिन्यांनी. तोवर व्यापारी माझे पैसे बिनव्याजी वापरतो आणि मी बँकेच्या सीसीवर (कॅश क्रेडिट, धंद्यासाठीचं फिरतं कर्ज) व्याज भरतो. एका दिवाळीला बोनस वाटायला बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या. त्या दिवशी एकाच पार्टीकडं माझं साडेचार लाखांचं येणं अडकलं होतं, १०७ दिवस झाले होते.

कापडपेठ
मागवाले, तुमचं दुःख खरं आहे. पण मीही लहानच माणूस. तुमच्याकडून ग्रे (मागावरून उतरलेलं कोरं) कापड घेतो, प्रोसेसला पाठवतो, गारमेंटवाल्याला देतो. तो मला १२० दिवसांनी देतो. मी ट्रेडर, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असली तरी मला या मुदतीचं संरक्षण नाही. तुम्हाला ४५ दिवसांत द्यायचे ते कुठून आणू? साखळीच्या मधल्याच कडीवर ओझं टाकलंय.

दोन_पाळ्या
मीही मागवालाच, तरी कापडपेठ यांच्या बाजूनं. माझ्या जुन्या पार्टीनं सरळ सांगितलं, उद्यम नोंदणी रद्द कर, नाहीतर माल दुसरीकडून घेतो. मध्यम उद्योगाला हा नियम लागू नाही, मग मोठ्या शेडकडं ऑर्डर जाणारच. माझे आठ माग दीड महिना बंद होते. उशिरा का होईना, पैसे येत होते. आता ऑर्डरच नाही.

ताळेबंद
सीए म्हणून एक गोष्ट सांगतो, ती चर्चेत नेहमी सुटते. जूनचं बिल ३१ मार्चला दिलं तरी आयकराचा फटका बसत नाही, कारण खर्च ज्या वर्षी पैसे दिले त्या वर्षी मिळतो. म्हणजे नियमाचा धाक वर्षअखेरीला. बाकीच्या महिन्यांसाठी २००६ चा एमएसएमई विकास कायदा आहे: उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेकडं अर्ज करता येतो. निकाल विरोधात गेला तर अपिलासाठी खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. कायदा दुबळा नाही. पण अर्ज केला की गिऱ्हाईक तुटतं, म्हणून कुणी करत नाही.

मागवाला (इचलकरंजी)
@ताळेबंद, तेच तर म्हणतोय. तक्रार करायची ताकद आमच्यात नाही. या कलमात मला कुणाविरुद्ध अर्ज करावा लागत नाही, व्यापाऱ्याचा सीएच त्याला फोन करतो. या मार्चमध्ये तीन जुनी येणी न मागता जमा झाली.
@दोन_पाळ्या, नोंदणी रद्द करू नका दादा. एकानं केली की पार्टी पुढच्या दहा जणांना तेच सांगते.

दोन_पाळ्या
तुमच्याकडं चार पार्ट्या आहेत, माझ्याकडं एकच. सल्ला देणं सोपं आहे.

कांडीवालीची_लेक
आई २२ वर्षं मागाच्या कांड्यांवर सूत भरत होती. मालकाचे पैसे अडकले की सूत यायचं नाही, बीम (मागावरचा ताण्याच्या सुताचा रूळ) संपलं की माग उभा राहायचा आणि त्या आठवड्याचा तिचा पगार बुडायचा. तिला ४५ दिवस कुणी दिले नव्हते. नियम राहू दे. पण गारमेंटवाल्याकडून कापडपेठ यांनाही त्याच मुदतीत पैसे मिळायला हवेत, ट्रेडरला त्यात घ्या.

कापडपेठ
ताई, एवढं करा आणि मी उद्यापासून ४० दिवसांत देतो. इथंच लिहून ठेवतो.