शब्दचर्चा: खेळाडूवरचा ‘लोड’ म्हणजे भार, ताण की श्रम?

नेरूळ: फुटबॉल संघाची रोजची नोंदवही मराठीत करायची आहे. ‘ट्रेनिंग लोड’ला कुणी ‘ताण’ म्हणतं, कुणी ‘श्रम’. काय लिहावं?

खारघर, फिजिओ: ‘भार’ लिहा. ‘ताण’ आपल्याकडे दुखापतीचा शब्द आहे. ‘डाव्या मांडीला ताण’ आणि शेजारच्या रकान्यात ‘आजचा ताण ६३०’ असं आलं की वाचणारा अडखळणारच.
पण नुसता ‘भार’ही पुरत नाही. बाह्य भार म्हणजे झालेलं काम: पाठीवर खांद्यांच्या मध्ये लावलेल्या जीपीएस यंत्रावरून एकूण अंतर, ताशी १९.८ किमीच्या वरची धाव, २५.२ च्या वरचा स्प्रिंट, जोरात घेतलेला वेग, मारलेले ब्रेक. अंतर्गत भार म्हणजे तेच काम शरीराला किती पडलं. ऑक्टोबरच्या उकाड्यात दुपारी तेवढंच अंतर धावलं तरी हृदयगती वर राहते. बाह्य भार तोच, अंतर्गत वाढलेला. म्हणून रकाने दोन हवेत.

नेरूळ: ताई, अंतर्गत भाराचा आकडा यंत्राशिवाय निघतो का?

ठाणे, फिटनेस कोच: निघतो. सराव संपल्यावर साधारण अर्ध्या तासाने खेळाडूला ० ते १० मध्ये आकडा विचारायचा आणि मिनिटांनी गुणायचं. ७ आकडा, ९० मिनिटं, भार ६३०. इथे शब्दाला फार महत्त्व आहे. ‘किती दमलास?’ विचारलं की पोरगा आत्ताचा थकवा सांगतो, त्यात रात्रीची अपुरी झोपही येते. विचारायचं ‘आजचं सेशन किती जड गेलं?’ पट्टीवर ३ मध्यम, ५ जड, ७ खूप जड, १० म्हणजे याच्यापुढे शक्यच नाही. एकेकाला बाजूला घेऊन विचारा. घोळक्यात पहिला ‘६’ म्हणाला की पुढचे सगळे सहाच म्हणतात. शेवटची दहा मिनिटं फार जोराची असतील तर लगेच सांगितलेला आकडा फुगतो, म्हणून तो अर्धा तास.
मिनिटांत वॉर्मअप धरायचा की नाही हे एकदाच ठरवा, मध्येच बदलू नका.

वाशी: चालू भाराची आधीच्या भाराशी तुलना करतात, त्या ‘अॅक्यूट-क्रॉनिक’ गुणोत्तराला ‘तीव्र-जुनाट’ छापलेलं पाहिलंय.

खारघर, फिजिओ: चूक आहे ते. हे दवाखान्यातले शब्द. इथे अॅक्यूट म्हणजे फक्त चालू ७ दिवस; तो आठवडा हलका असला तरी ‘तीव्र’ म्हणणार का? ‘आठवड्याचा भार’ आणि ‘चार आठवड्यांची सरासरी’ लिहा. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं: २४०० भागिले २०००, गुणोत्तर १.२. ०.८ ते १.३ हा दुखापतीच्या दृष्टीने ‘सुरक्षित पट्टा’ म्हणून पसरला, पण त्यावर संशोधकांचे गंभीर आक्षेप आहेत. एवढ्या आकड्यावरून कुणाला बसवू नका.

नेरूळ: सर, बदली खेळाडूचं काय लिहायचं?

ठाणे, फिटनेस कोच: २५ मिनिटं, आकडा ८, भार २००. पूर्ण सामना खेळलेल्याचा ६३०. असे दोन-तीन सामने गेले की राखीव पोरं मागे पडतात आणि अचानक ९० मिनिटं खेळायची वेळ आली की मांडी धरतात. म्हणून सामन्यानंतर त्यांना वेगळ्या धावा देतात. त्या रकान्याला ‘भरपाई’ म्हणा, ‘शिक्षा’ वाटेल असा शब्द नको.