माशांची थाळी: तीच खानावळ एकदा झकास, एकदा फुसकी. बिघडतं कुठे?

सुमी_कोथरूड
मंडळी, जूनच्या शेवटच्या रविवारी घरच्या १२ जणांना पुण्यातच मालवणी जेवायला न्यायचंय. दोघं सत्तरीपुढची आहेत, दोन लहान मुलं. हॉटेलांची नावं नकोत, ती ढिगाने मिळतात. मला वेगळंच विचारायचंय. एकाच ठिकाणची सुरमई एकदा लुसलुशीत येते आणि पुढच्या खेपेला भुसा. सोलकढी कधी फक्कड, कधी नुसतं गुलाबी पाणी. आचारी तोच, मसाला तोच, मग फरक कुठे पडतो? आणि गिऱ्हाइकाच्या हातात नेमकं काय असतं? कधी जावं, ऑर्डर कशी द्यावी, कुठे बसावं, काय विचारावं? बिलातल्या सर्व्हिस चार्जचंही कोणी सांगितलं तर बरं होईल.

तव्यावरचा
सुमीताई, बहुतेक वेळा मसाला निर्दोष असतो. मासा तव्यावर एकदा गेला की दोनदा, आणि तिथून ताटात यायला किती वेळ लागला, यावर जेवण ठरतं.

सुरमईचा तुकडा दीड-दोन सेंटीमीटर जाड हवा. मीठ, हळद, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) किंवा लिंबू, आलं-लसूण-हिरव्या मिरचीचं वाटण आणि मालवणी मसाला लावून २० ते ३० मिनिटं मुरला की पुरे. रविवारी काय होतं, हेच तुकडे सकाळी ९ला लावून ठेवतात. चार-पाच तासांत मीठ आतलं पाणी बाहेर ओढतं आणि आंबटामुळे वरचं मांस न शिजवताच पांढुरकं, पिठूळ होतं. असा तुकडा तव्यावर आधी पाणी सोडतो, त्यात रवा भिजतो आणि आवरण सुटतं. ताटात मासा एकीकडे आणि रव्याची साल दुसरीकडे दिसली की समजायचं, एकतर तो फार वेळ मुरलाय, नाहीतर बर्फातला मासा घाईघाईत पाण्यात टाकून सोडवलाय.

दुसरी गोची अर्ध्या तळणीची. गर्दीच्या आधी ३०-४० तुकडे अर्धे शेकून ट्रेमध्ये रचतात आणि ऑर्डर आली की मिनिट-दीड मिनिट तव्यावर मारतात. ट्रेमध्ये एकावर एक ठेवलेला तुकडा स्वतःच्या वाफेवर शिजत राहतो, रवा मऊ पडतो. मग तो पुन्हा कुरकुरीत करायच्या नादात आतलं उरलंसुरलं पाणीही जातं. तुमचा भुसा इथे तयार होतो. ताज्या तुकड्याला मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी ३-४ मिनिटं लागतात. म्हणजे रवा लावण्यापासून धरलं तर ऑर्डरनंतर १०-१२ मिनिटं जायलाच हवीत. चार मिनिटांत रवा फ्राय समोर आली तर खूश होऊ नका.

पहिला घास घेण्याआधी मधल्या काट्याजवळ बोटाने उकलून बघा. पाकळ्या अलगद सुटल्या आणि काट्याशी ओलसर चकाकी असली तर मासा बरोबर शिजलाय. मांस काट्याला गुलाबीसर चिकटून राहिलं तर कच्चा. कोरडे धागे निघाले तर तो तव्यावर दोनदा जाऊन आलाय. शेपटीकडचा पातळ तुकडा मात्र नीट तळला तरी लवकर कोरडा होतो. म्हणून मधला मागा, त्यात काही गैर नाही.

कालवणाचं गणित वेगळं. ओल्या नारळाचं वाटण घातल्यावर रस्सा खळखळून उकळला की फुटतो. आमसुलं शेवटी पडायला हवीत. मंद आचेवर तासन् तास ठेवलेला रस्सा आटतो, खारट होतो, मग कोणीतरी त्यात तांब्याभर गरम पाणी ओततं. पहिल्या पंगतीला दाट आणि अडीच वाजता खारट-पातळ, असं एकाच पातेल्यातून होतं.

बोंबील फ्राय लिबलिबीत येत असेल तर बोंबील उघडून वजनाखाली दाबून पाणी काढलेलं नाही, बाकी काही नाही.

दर्यावर्दी_७
आधी तारीख बघा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. जूनच्या शेवटी "आज सकाळचीच सुरमई" म्हणून कोणी शपथेवर सांगितलं तरी ती आपल्या ट्रॉलरची नाही. एकतर शीतगृहातली, नाहीतर पूर्व किनाऱ्याची. तिकडची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, म्हणून जूनच्या उत्तरार्धात तिकडचा माल इकडे येऊ लागतो. गोठवलेला मासा वाईट असतो असं नाही. नीट गोठवून रात्रभर फ्रीजात हळूहळू सोडवला तर तळणीत फरक कळणारही नाही. पातळ कालवणात मात्र कळतो.

"मासे ताजे आहेत का?" हा प्रश्न वाया जातो, कारण उत्तर ठरलेलं असतं. त्याऐवजी विचारा: "आज काय आलं नाही?" जो माणूस पटकन "रावस नाही, पापलेट बारीक आहे, घेऊ नका" म्हणतो त्याच्याकडे बसा. पावसाळ्यात मेन्यूतले वीसच्या वीस प्रकार हजर असतील तर मोठा डीप फ्रीझर आहे, एवढंच सिद्ध होतं.

वारही बघावा. बुधवार, शुक्रवार, रविवार माल उठतो. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी या दिवशी खाणारे कमी, त्यामुळे सोमवारी ताटात येतो तो बरेचदा रविवारचा उरलेला. तुमचा रविवार आहे, त्या बाजूने निर्धास्त राहा.

बांगड्याबद्दल एक गोष्ट गंभीरपणे. बांगडा बर्फाविना गरम जागी राहिला तर त्यात हिस्टामीन तयार होतं आणि ते शिजवून किंवा तळून जात नाही. घास घेतल्यावर जीभ किंवा ओठ चुरचुरले, मिरपुडीसारखं तिखट टोचलं, तर तो मसाल्याचा झटका समजू नका. ताट बाजूला करा आणि बाकीच्यांनाही थांबवा. थोड्याच वेळात चेहरा लाल होणं, खाज, डोकेदुखी असं सुरू होऊ शकतं. बांगडा, टूना अशा लाल मांसाच्या माशांत हे जास्त.

सुमी_कोथरूड
बंदीचं डोक्यातच आलं नव्हतं! मग त्या दिवशी मागवायचं तरी काय? आणि आजी-आजोबांना कोणता मासा सोसेल?

नारळ_तिरफळ
पावसाळ्यात सुक्याचं मागवा. सुकटीची किसमूर, सोड्यांचं कालवण, सुक्या बोंबलाची चटणी. कोकणात पावसाळ्याची बेगमी म्हणून उन्हाळ्यातच हे वाळवून ठेवतात, तेव्हा ते खायचा हाच मोसम. कोलंबी शेततळ्यातलीही असते, ती वर्षभर मिळते. तिला बंदीचा फरक पडत नाही.

आजी-आजोबांना सुरमई, रावस किंवा हलवा. मधला काटा मोठा, बारीक काटे कमी. मांदेली आणि बांगडा मुलांपासून आणि त्यांच्यापासून लांबच ठेवा. पापलेट मागवणार असाल तर २५०-३०० ग्रॅमचं. त्याहून मोठं अख्खं तळलं की बाहेरून करपतं आणि काट्याशी कच्चं राहतं, जोवर आचारी दोन्ही बाजूंना खोल चिरा देत नाही.

वर तव्यावरचा दादांनी तळणीचं अगदी बरोबर लिहिलंय, पण निम्मी निराशा चुकीच्या अपेक्षेचीही असते हे माझं म्हणणं. मालवणी, सारस्वत-गोमंतकीय आणि आगरी-कोळी ही तीन वेगळी स्वयंपाकघरं आहेत. गोमंतकीय हुमणात (माशाच्या नारळी कालवणात) गरम मसाला शोधाल तर ते फिकं वाटणारच. तिथे ओला नारळ, धणे, लाल मिरची आणि बांगड्याला तिरफळ. आगरी-कोळी कालवणात नारळ अगदी थोडा किंवा नाहीच, लसूण आणि तिखट पुढे. त्याला "पातळ आहे" म्हणून नाक मुरडणं चूक. तिन्ही कालवणं एकाच चवीची लागली तर मात्र खानावळीवाल्याला दोष द्या, कारण कोंबडीसाठी भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटणच त्याने माशातही ढकललंय.

सोलकढीची परीक्षा वाटीतच होते. एका मध्यम नारळाचं दूध, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवलेली १०-१२ आमसुलं, दोन-तीन लसूणपाकळ्या, एक हिरवी मिरची. यातून चार-पाच वाट्या निघतात. खरी सोलकढी फिकट गुलाबी असते आणि वाटी कलती केली की कडेला दुधाचा पातळ थर राहतो. रंग भडक राणी असेल तर बीट किंवा रंग आहे. वर साय आली असेल तर घाबरू नका, गार झाल्यावर नारळाचा स्निग्धांश वर येतोच, ढवळा. ढवळूनही गुठळ्या आणि खाली पाणी वेगळंच राहिलं, आंबूस वास आला, तर आंबलीय, परत पाठवा. आगळ वापरलं असेल तर मीठ बेताने हवं, कारण ते आधीच खारट असतं. खारट सोलकढीचं मूळ बहुतेकदा तेच.

अवांतर: वडे माशाबरोबर मागवू नका हो. ते कोंबडीबरोबर. माशाला तांदळाची भाकरी आणि उकडा भात.

कॅप्टन_दादर
आता बाहेरच्या बाजूचं. १२ जण म्हणजे स्वयंपाकघराला छोटी पंगतच.

वेळ: रविवारी साडेबाराला खुर्चीत बसलेलं बरं. दीड ते अडीच खरी झुंबड, तव्यावर तुकडे खेटून लागतात, तवा गार पडतो आणि रवा तेल पितो. टेबल फोनवर सांगाल तेव्हाच मासाही सांगून ठेवा: "रावसाचे सहा मधले तुकडे आणि पापलेट दोन बाजूला ठेवा." आदल्या दिवशी सांगितलेलं पाळलं जातं.

ऑर्डर: १२ ताटं एकदम मागवू नका. आधी सोलकढी, कोलंबी आणि सुकट. मग आजी-आजोबा आणि मुलांची ताटं, १० मिनिटांनी बाकीची. भाकरी एका तव्यावर दोन-अडीच मिनिटं घेते. दोन तवे असले तरी २४ भाकऱ्या म्हणजे अर्धा तास. एकदम मागवल्या तर पहिल्या बारा टोपलीत थांबून वातड होतात. पहिली भाकरी अर्धी संपली की दुसरी सांगा आणि वाढप्याला सुरुवातीलाच सांगून टाका, "एकेक करून, गरमच आणा." त्यालाही सोपं पडतं.

जागा: एसीच्या झोताखाली नको. स्टीलच्या ताटात तळलेला मासा पाच मिनिटांत गार पडतो, झोतात त्याहून लवकर. बेसिनजवळ आणि स्वयंपाकघराच्या दाराशीही नको. फरशी-काचेच्या हॉलमध्ये मधल्या टेबलावर सगळ्या बाजूंनी आवाज आदळतो आणि ज्येष्ठांना समोरच्याचं बोलणं कळत नाही. भिंतीकडची बाजू घ्या. ताट ओलं आलं तर पुसून मागा. ओल्या ताटाने खालचा रवा मऊ होतो, मग आचाऱ्याने कितीही नीट तळलेलं असो.

तक्रार दोन घासांत करायची. तुकडा संपवून "कोरडा होता" म्हटलं तर कोणी ऐकत नाही. ताट दाखवा, नेमकं सांगा: "मधे कच्चा आहे" किंवा "कालवण खारट झालंय". आणि पैसे कमी करा म्हणण्याऐवजी बदलून मागा, ते पटकन मिळतं. मेन्यूत "साइजप्रमाणे" लिहिलेलं असेल तर मासा डोळ्यांनी बघा, वजन आणि भाव ऑर्डरच्या आधी विचारा. वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, हेही. जेवणाचा सगळा आनंद बिलाच्या त्या एका ओळीवर जातो.

हिशेबी_नाना
सर्व्हिस चार्जचं: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांनुसार तो बिलात आपोआप घालता येत नाही आणि दुसऱ्या नावानेही लावता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ती उचलून धरली. काढायला सांगा, शांतपणे. नाहीच काढला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

जीएसटी ही वेगळी बाब. साध्या खानावळीत ५ टक्के, तो द्यावाच लागतो. पण बिलावर "कंपोझिशन" (छोट्या धंद्यांसाठीची सोपी करयोजना) करदाता असल्याचं छापलेलं असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही. छोट्या खानावळींत ही ओळ बघायची सवय ठेवा.

सुमी_कोथरूड
सगळ्यांचे आभार. म्हणजे साडेबारा, भिंतीकडचं टेबल, सुकट-कोलंबी आधी, रावसाचे मधले तुकडे सांगून ठेवायचे. शेवटचं एक: त्या दिवशी रावसच नसला तर?

तव्यावरचा
तर हट्टाने दुसरा मोठा मासा घेऊ नका. कोलंबी मसाला आणि कोंबडी-वडे सांगा. वडे मात्र ताटाबरोबर नाही, कोंबडी टेबलावर आल्यावर तळायला सांगा. फुगलेला वडा दोन-तीन मिनिटांत बसतो.