प्रति: नेत्यांचे अश्रू
वर म्हटलंय की सभेत नेत्याचा गळा दाटला की ते नाटकच समजावं. सरसकट तसं नाही वाटत, पण लोकांपर्यंत पोहोचायला अश्रूच लागतात असंही नाही. आमच्या नाशिक जिल्ह्यातलंच बघा. राष्ट्रवादी फुटल्यावर जुलै २०२३ मध्ये शरद पवारांनी थेट अजित पवारांसोबत गेलेल्या छगन भुजबळांच्या येवल्यात सभा घेतली आणि त्यांच्याबाबत आपला अंदाज चुकला म्हणून मतदारांची माफी मागितली. ना हुंदका, ना रुमाल. तरी झोंबायचं तिथे बरोबर झोंबलं! (२०२४ ला निवडून भुजबळच आले, तो भाग वेगळा.) उलट गोल्फ क्लब मैदानावर एक महाशय पाहिलेत, उजव्या हाताने डोळे पुसताना डाव्या हाताने माईक सरळ करत होते. त्या गडबडीत कांद्याच्या भावाचं बोलायचं तेवढं राहून गेलं.