प्रकाशसंश्लेषणातले शब्द मुलांना पाठ होतात पण वापरता येत नाहीत, काय करू?

नमस्कार मंडळी, मी सातवीला विज्ञान शिकवते. सध्या प्रकाशसंश्लेषण चाललंय आणि शब्दांपाशी गाडी अडलीये. व्याख्या विचारली की अख्खा वर्ग घडाघडा म्हणतो, पण तेच स्वतःच्या वाक्यात लिहा म्हटलं तर परवा एकाने वहीत लिहिलं, "झाड पर्णरंध्रातून प्रकाशसंश्लेषण आत घेतं". मुलगा हुशार आहे हो, पण ही क्रिया आहे हे त्याच्यापर्यंत पोचलेलंच नाही, त्याला ती हवेतली एखादी वस्तू वाटते. मग फोड करून सांगितली, संश्लेषण म्हणजे साधे पदार्थ जोडून नवा पदार्थ बनवणं आणि तेही प्रकाशाच्या मदतीने. थोडा फरक पडला.

पर्णरंध्र, म्हणजे पानावरचं बारीक छिद्र, हे मात्र पक्कं बसलं. पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिश लावलं, वाळल्यावर चिकटपट्टीने तो पापुद्रा उचलला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. दोन रक्षक पेशी आणि मधली फट बघून एक मुलगी ओरडलीच, "बाई, हे तर ओठ आहेत!" तेव्हापासून तो शब्द कुणीही चुकलेलं नाही.

आता अडतंय ते हरितद्रव्य (पानातलं हिरवं रंगद्रव्य) आणि हरितलवक (पेशीतला ते रंगद्रव्य असलेला भाग) यात. गरम पाण्यात नळी ठेवून स्पिरिटमध्ये पान उकळलं (थेट आचेवर नाही, स्पिरिट पेटतं), हिरवा रंग उतरला, हे हरितद्रव्य, इथवर कळलं. पुढे आयोडीन टाकल्यावर पान निळं-काळं झालं, म्हणजे त्यात स्टार्च आहे, तर एकाने विचारलं, समीकरणात ग्लुकोज आहे मग इथे स्टार्च कुठून आला? जास्तीचं ग्लुकोज झाड स्टार्च करून साठवतं हे सांगितलं, पण असा प्रश्न आला याचाच जास्त आनंद झाला. हरितलवकाचं मात्र तसं काही हाताला लागत नाही. हायड्रिला या पाणवनस्पतीच्या पातळ पानात ती हिरव्या ठिपक्यांसारखी दिसतात, पण सूक्ष्मदर्शक एक, मुलं चाळीस आणि तास पस्तीस मिनिटांचा.

शिवाय "दिवसा प्रकाशसंश्लेषण, रात्री श्वसन" हे डोक्यातून जातच नाही, श्वसन चोवीस तास चालतं हे दहादा सांगून झालंय.

या दोन जोड्यांसाठी कुणी वर्गात काही करून बघितलंय का? खेळ, चित्र, वाक्यं करायला लावणं, काहीही चालेल, फक्त पाठांतर नको. पुढच्या आठवड्यात उजळणी आहे, त्याआधी कळलं तर बरं होईल.