मदत हवी आहे: सुपरवायझर नेमलाय, तरी सगळे माझ्याकडेच येतात

नमस्कार मंडळी. छपाईचा व्यवसाय आहे. माणसं मोजकी होती तेव्हा सगळं मीच बघायचो आणि ते निभावूनही जायचं. आता कामं वाढली, माणसं वाढली, म्हणून मशीनवरच्या सगळ्यात तरबेज माणसाला सुपरवायझर केलं. कागद बोटांत धरून जीएसएम (चौरस मीटरमागे कागदाचं ग्रॅममधलं वजन) सांगेल असा गडी. पण कुणाचं रजिस्टर हललं, म्हणजे दोन रंग एकमेकांवर नीट बसले नाहीत, की समजावण्याऐवजी त्याला बाजूला सारून हा स्वतःच मशीनवर उभा राहतो. मग बाकीचे त्याला वगळून थेट माझ्या केबिनमध्ये: प्रूफ फायनल करू का, शाई मागवू का, उद्या सुट्टी मिळेल का. मी उत्तर दिलं तर त्याचा मान जातो, नाही दिलं तर मशीन थांबतं.

खरेदीला मर्यादा ठरवून दिलीय, तिच्या आतलं तो मला न विचारता ठरवतो. तेवढं सुरळीत आहे, कारण तिथे आकडा असतो. अडतंय ते रजा, कामाचं वाटप आणि गिऱ्हाइकाच्या तक्रारींत. तिथे रेघ कुठे ओढायची?

त्याला परत मशीनवर पाठवलं तर अपमान वाटून तो सोडून जाईल. पगार तोच ठेवून ‘मुख्य तंत्रज्ञ’ असं वेगळं पद कुणी दिलंय का? टिकलं का? आणि मग माणसं सांभाळायला आतलाच कुणी घेतलात की बाहेरचा?

‘संवाद वाढवा’ छापाचे सल्ले कृपया नकोत, ते पोत्याने मिळालेत. आठवड्याची बैठक घेत असाल तर तिच्यात नेमकं काय विचारता, एवढं लिहिलंत तरी चालेल.