मे महिन्यात रक्तदान शिबिर आणि त्याच रात्री क्लबची फेलोशिप: नियोजन कसं करावं?

मुलुंड_पूर्व_सचिव:
आमचा छोटा सेवा क्लब आहे. यादीवर ३२ सभासद, पण पंधरवड्याच्या सभेला येतात १२ ते १४. क्लबचं वर्ष ३० जूनला संपतं. त्याआधी एक उपक्रम नीट व्हावा म्हणून १७ मे, रविवारी, शाळेच्या हॉलमध्ये सकाळी ९ ते २ रक्तदान शिबिर ठरवतोय. उद्दिष्ट १०० पिशव्यांचं. त्याच रात्री सगळ्या सभासदांना सहकुटुंब जेवण, म्हणजे फेलोशिपही (सभासदांचा आपसातला सहवास) होईल असा विचार आहे. एक स्थानिक व्यावसायिक २५,००० रुपये द्यायला तयार आहेत. त्यातूनच चहा-नाश्ता आणि रात्रीचं जेवण भागवावं असं काहींचं म्हणणं आहे. १०० हा आकडा गाठता येईल का? हॉल, माणसं, खाणं यांचं गणित कसं बसवायचं? आणि न येणाऱ्या सभासदांना यात कसं ओढायचं?

शिबिर_समन्वय:
आधी आकड्याचं बोलू. शिबिराचा वेग खाटांवर ठरत नाही, तो डॉक्टरच्या टेबलावर ठरतो. सुई लागल्यापासून पिशवी भरेपर्यंत पाच ते आठ मिनिटं जातात. चढणं-उतरणं, पट्टी, थोडं पडून राहणं धरलं तरी एका खाटेवर तासाला चार दाते सहज होतात. म्हणजे सहा खाटांवर तासाला २४. पण प्रश्नावली, रक्तदाब आणि दात्याशी बोलणं याला डॉक्टरला दात्यामागे तीन-चार मिनिटं लागतातच. एका डॉक्टरकडून तासाला १५ ते २० दाते तपासून होतात. पाच तासांत न थांबता ७५ ते १००, आणि त्यातले काही नाकारले जाणार. तेव्हा एका डॉक्टरवर ७० धरा. १०० हवेत तर रक्तकेंद्राकडे (म्हणजे रक्तपेढीकडे) दुसरा डॉक्टर आत्ताच मागा. नियमांत ५० ते ७० दात्यांसाठी जे पथक सांगितलंय त्यात एक डॉक्टर, दोन परिचारिका, तीन तंत्रज्ञ, दोन समाजसेवा कार्यकर्ते आणि दोन मदतनीस येतात. रविवारी एकाच रक्तकेंद्राची दोन-तीन ठिकाणी शिबिरं असतात आणि पथक अर्धं येतं. म्हणून किती माणसं येणार हे लेखी घ्या.

वेळ वाटून द्या. "९ ते २ कधीही या" म्हटलं की सगळे अकराला येतात, तासभर रांगेत उभे राहतात आणि कंटाळून परत जातात. अर्ध्या अर्ध्या तासाचे नऊ गट करा, पहिला ९ चा, शेवटचा १ चा. प्रत्येक गटात १४ नावं घ्या, त्यातले आठ-नऊ येतील असं धरून. एकूण नावं १२६ होतात. आदल्या दिवशी संध्याकाळी फोन करायचा. नुसता व्हॉट्सअॅप संदेश पुरत नाही, कारण त्या फोनवरच "काल अँटिबायोटिक सुरू झालं", "मी गावी आलोय" हे कळतं.

फोनवर विचारायच्या गोष्टी कागदावर लिहून सभासदांच्या हातात द्या. वय १८ ते ६५, पहिल्यांदा देणाऱ्याचं ६० पर्यंत. वजन किमान ४५ किलो (३५० मिलीच्या पिशवीसाठी. ४५० मिलीच्या पिशवीला ५५ च्या वर लागतं). मागचं रक्तदान पुरुषांनी ९० दिवसांपूर्वी, बायकांनी १२० दिवसांपूर्वी केलेलं हवं. वर्षभरात टॅटू किंवा कान-नाक टोचणं झालं असेल तर नाही. मलेरिया बरा होऊन तीन महिने, डेंग्यूनंतर सहा महिने, टायफॉईडनंतर वर्ष. मधुमेहाच्या गोळ्या चालू असून साखर आटोक्यात असेल तर चालतं, इन्सुलिनवर असेल तर नाही. एवढं विचारलंत तर निम्मे नकार फोनवरच आटोपतात आणि माणसाची उन्हातली खेप वाचते. शेवटचा निर्णय मात्र डॉक्टरचाच, सभासदाने "तुम्ही निकषात बसता" असं वचन देऊ नये.

हॉल तळमजल्यावरचाच घ्या. खाटा, पेट्या, रक्त हलतं ठेवणारी यंत्रं हे सगळं सामान जिन्याने चढवण्यात पथकाचा पाऊण तास जातो, आणि दान करून लगेच जिना उतरणारा माणूस पडू शकतो. सहा खाटांना ८०० ते १,००० चौरस फूट पुरे. आत यायचं आणि बाहेर जायचं दार वेगळं हवं. क्रम असा: नोंदणी, वजन आणि हिमोग्लोबिन, डॉक्टर, खाटा, अल्पोपाहार. डॉक्टरच्या टेबलाला पडदा किंवा शाळेचा फळा आडवा लावा. तिथे खासगी प्रश्न विचारले जातात, मागचा माणूस ऐकतोय असं वाटलं की दाता खरं सांगत नाही. अल्पोपाहाराचं टेबल त्याच हॉलमध्ये, परिचारिकेच्या नजरेत. ते बाहेर पॅसेजमध्ये मांडणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक, कारण भोवळ बहुधा उठून चालायला लागल्यावर येते.

मे महिन्यातल्या घामट हवेत भोवळ येण्याचं प्रमाण वाढतं. कारण सरळ असतं: रिकामं पोट, कमी पाणी, उकाडा. आल्या आल्या प्रत्येकाला दोन ग्लास पाणी, आणि "शेवटचं कधी खाल्लंत?" हा प्रश्न नोंदणीच्या टेबलावरच. खाऊन चार तास उलटले असतील तर आधी वाटीभर उपमा, मग वीस मिनिटं थांबून पुढे. संकष्टी-एकादशी दिनदर्शिकेत बघून ठेवा, उपवास असलेला माणूस भिडेपोटी सांगत नाही. भोवळ आलीच तर आडवं करायचं, पाय उंच, कपडे सैल, भोवती गर्दी नको. चहा लगेच तोंडाला लावू नका. शुद्धीवर पूर्ण आल्यावर घोट घोट.

८० जणांचं सामान: २० लिटरचे पाण्याचे चार जार, मीठ-साखर घातलेलं लिंबूसरबत २५ लिटर, केळी आठ डझन, बिस्किटांचे छोटे पुडे १००, उपम्यासाठी रवा पाच किलो. चहा थोडाच लागतो. हॉलमध्ये चार पेडस्टल पंखे आणि वेगवेगळ्या भिंतींवर निदान सहा चालू सॉकेट हवेत. आदल्या दिवशी प्रत्येकात चार्जर लावून बघा. सुया, कापूस, नळ्या रक्तकेंद्राने परत न्यायच्या. शाळेच्या कचऱ्यात एकही बोळा जाता कामा नये, आणि सभासदांनी त्याला हात लावू नये.

जाताना प्रत्येकाला सांगा: पट्टी चार तास ठेवा, त्या हाताने जड उचलू नका, आणि आज लोकलच्या दारात उभं राहू नका. हे शेवटचं वाक्य फलकावर मोठ्या अक्षरात लिहा.

दादर_पश्चिम:
तारखेबद्दल दोन ओळी. मे चांगला निवडलात. कॉलेजं बंद, लोक गावी, रक्ताचा तुटवडा नेमका तेव्हाच असतो. १ मे आणि १४ जूनला (जागतिक रक्तदाता दिन) मात्र शिबिरांची इतकी गर्दी होते की एकाच दिवशी साठा फुगतो. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स फक्त पाच. म्हणून एका दिवशी ढीगभर गोळा करण्यापेक्षा विखुरलेलं बरं. रक्तकेंद्राला विचारा की त्यांना कुठल्या आठवड्यात हवंय.

पुढचं शिबिर आत्ताच ठरवा. १७ मे नंतर ९० दिवस १५ ऑगस्टला भरतात. त्या दिवशी पुन्हा झुंबड असते, म्हणून २३ ऑगस्टचा रविवार धरा. पावसाळ्यात डेंग्यूमुळे प्लेटलेट्स लागतातच. महिला दात्यांना १४ सप्टेंबरनंतरची तारीख स्वतंत्र कळवा.

आणि रविवारचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी रेल्वेमार्ग बंद)! मध्य रेल्वेवर मुलुंड-माटुंगा धीमी लाईन बंद असली तर दाते आणि पथक दोन्ही अडकतात. घोषणा दोन-तीन दिवस आधी येते, ती बघूनच शनिवारचे फोन करा.

हिशेब_तपासनीस:
पैशाच्या बाबतीत तुमच्या काही सभासदांचं म्हणणं चुकीचं आहे, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. शिबिरासाठी म्हणून घेतलेल्या २५,००० मधून एक रुपयाही सभासदांच्या जेवणाला लागता कामा नये. सेवा क्लबांचा हा जुना आणि पक्का नियम आहे: लोकांकडून सेवेसाठी आलेला पैसा सेवेलाच, आणि क्लबचं प्रशासन, सभा, जेवणं सभासदांच्या वर्गणीतून. दोन बँक खाती ठेवा, दोन पावती-पुस्तकं ठेवा. एकच खातं असलं की जूनअखेर कुणालाच सांगता येत नाही की उरलेले ६,००० कशाचे. देणगीदाराला शिबिरानंतर पंधरा दिवसांत एका पानाचा हिशेब द्या: मिळाले किती, खर्च कशावर, शिल्लक किती. शिल्लक ऑगस्टच्या शिबिराला वापरायची तर त्यांची लेखी संमती घ्या.

क्लबच्या ट्रस्टला देणगीवर करवजावट मिळवून देणारी नोंदणी (८०जी) असेल तर रोख २,००० च्या वर घेऊ नका, त्यावर देणगीदाराला वजावट मिळत नाही. धनादेश किंवा यूपीआय, आणि पॅन पावती करतानाच घ्या. वर्ष संपल्यावर पॅनसाठी मागे लागणं फार त्रासाचं होतं.

मुलुंड_पूर्व_सचिव:
सगळ्यांचे आभार. जेवणाचं सभासद वर्गणीतूनच करू. दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे, रक्तकेंद्र म्हणतंय की प्रत्येक दात्याला ते भेट म्हणून बॅग देतील, आणि क्लबलाही "उपक्रमासाठी" काही रक्कम. घ्यावी का? आणि ज्यांना डॉक्टर नाकारतात ते नाराज होऊन जातात, त्यांचं काय करायचं?

शिबिर_समन्वय:
रक्कम अजिबात घेऊ नका. भेटवस्तूही नको. वस्तूच्या लोभाने आलेला दाता प्रश्नावलीत आजार लपवतो, आणि तपासण्या कितीही चांगल्या असल्या तरी नुकत्या झालेल्या संसर्गाचा काही काळ त्या पकडू शकत नाहीत. तो धोका थेट रुग्णाच्या नसेत जातो. प्रमाणपत्र, दाता कार्ड आणि केळं-बिस्किट, बस. शिवाय त्या बॅगांचा आणि तुमच्या रकमेचा खर्च शेवटी कुठून निघणार याचाही विचार करा. रक्त विकता येत नाही, रुग्णाकडून प्रक्रिया शुल्क घेतलं जातं. रक्तकेंद्र निवडताना त्यांचा परवाना चालू आहे का, ते रक्ताचे घटक (तांबड्या पेशी, प्लेटलेट्स) वेगळे करतात का आणि थॅलेसेमियाच्या (वारंवार रक्त द्यावं लागणारा आजार) मुलांना विनामूल्य रक्त देतात का, हे तीन प्रश्न विचारा. केंद्रांची यादी आणि साठा ई-रक्तकोष या सरकारी पोर्टलवर दिसतो.

नाकारलेल्यांसाठी एक सभासद वेगळा नेमा, शक्यतो वयाने मोठी, शांत बोलणारी व्यक्ती. कारण विचारायचं नाही, मोठ्याने नाव घ्यायचं नाही. त्यांनाही त्याच टेबलावर नाश्ता द्यायचा. हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली म्हणून थांबलेल्या बऱ्याच बायका असतात. त्यांना आकडा चिठ्ठीवर लिहून द्या आणि जवळच्या महापालिका दवाखान्याची वेळ सांगा. त्यांच्यासाठी त्या दिवसाचा तोच उपयोग.

सभा_व_सहवास:
फेलोशिपवर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. त्याच रात्री जेवण ठेवू नका. सकाळी सातपासून उभे असलेले लोक नऊ वाजता घरीच पळतात आणि नेमके ज्यांनी काम केलं तेच गैरहजर राहतात. ज्यांनी रक्त दिलंय त्यांनीही रात्री लवकर झोपावं. श्रमपरिहार पुढच्या शनिवारी, २३ मेला ठेवा. ३० जणांचे प्रत्येकी ३५० रुपये म्हणजे १०,५०० होतात, त्यात साधं घरगुती पद्धतीचं जेवण व्यवस्थित बसतं. मुलांना निम्मे लावा.

न येणाऱ्यांना सभेला बोलावू नका, कामाला बोलवा. सभेत काय होणार हे त्यांना ठाऊक असतं: मागचं इतिवृत्त, मग पाऊण तास चर्चा. त्यापेक्षा "नोंदणी टेबल, सकाळी ८.३० ते १०.३०, तुमच्यासोबत अमुक" असा फोन करा. काम ठरावीक, वेळ दोन तास आणि जोडीला एक नियमित सभासद. तीन पाळ्या, पाळीला आठ जण: दोन नोंदणी, दोन दात्यांना टेबलावरून टेबलावर नेणारे, दोन अल्पोपाहार, एक नाकारलेल्यांसोबत, एक दाराशी. चोवीस जागा होतात, म्हणजे तुमच्या बारा नियमितांना बारा अनियमित जोडता येतात. अध्यक्ष आणि सचिव सोडून उरलेले सहा फोन करतील, घरबसल्या. जोडी आधीपासून मित्र असलेल्यांची नको. अध्यक्ष आणि सचिव कुठल्याच टेबलावर नकोत, ते मोकळे असले तरच अडलं तिथे धावतील.

श्रमपरिहाराला भाषणं नकोत. दहा मिनिटांत आकडे सांगा: आले किती, दिलं किती, थांबले किती, खर्च किती. मग प्रत्येक जोडीने एक अडचण सांगायची, सचिवांनी ती लिहून घ्यायची. ऑगस्टच्या तयारीची यादी तिथेच तयार होते. बसताना कुटुंबं मिसळून बसवा, नाहीतर पुरुष एका कोपऱ्यात आणि बायका-मुलं दुसऱ्या. नव्या सभासदाच्या शेजारी कोण बसणार हे आधी ठरवून त्या व्यक्तीला सांगून ठेवा. हे आपोआप होत नाही.

मुलुंड_पूर्व_सचिव:
आकडा ७० केला, श्रमपरिहार २३ मेला. पाळ्यांचा तक्ता आज रात्री करतो. हॉलचे सॉकेट उद्या सकाळी शाळेत जाऊन तपासतो.

शिबिर_समन्वय:
जाताय तर शाळेच्या फाटकाची रुंदीही मोजा. रक्तकेंद्राची गाडी आत येते का ते त्यांना आजच कळवायला हवं.